ई२० पेट्रोल आणि जुनी गाडी, ग्रास कटर, पंप: आधी काय करायचं, नंतर काय

मे महिन्यात व्यवस्थित चालणारी गाडी झाकून ठेवली, गणपतीत कव्हर काढलं तर किक मारून मारून पाय गेला पण स्टार्ट नाही, किंवा झाली तर कार्बमधून (कार्ब्युरेटर, जो हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देतो) पेट्रोल धो धो. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की शेवटी एकदाच सगळं लिहून टाकतोय. उत्तर देणारे पण भारी असतात, एक म्हणतो जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मोठा टाक, दुसरा म्हणतो अमुक बाटली ओत टाकीत. जेटचं काम आहे, नाही असं नाही, पण ते चौथ्या नंबरचं आहे. आणि लोकं पहिले तीन टप्पे सोडून थेट तिथेच उडी मारतात.

हे कोणासाठी आहे: चेतक, प्रिया, आरएक्स १००, येझदी, जुनी कास्ट आयर्न बुलेट, पद्मिनी, अँबॅसिडर, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, आणि शिवाय ग्रास कटर, चेनसॉ, पेट्रोलवरचा पाण्याचा पंप, पॉवर वीडर, छोटा जनरेटर. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पार्ट ई२०ला चालणारेच असतात, त्यांनी हे वाचून डोक्याला ताप करून घेऊ नये.

२०२५ पासून देशात साधं पेट्रोल म्हणजे ई२०च, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, त्यामुळे "कुठल्या कंपनीच्या पंपावर भरू" हा प्रश्नच निकालात निघाला. इथेनॉल तीन गोष्टी करतं. जुनं रबर, कॉर्क, शेलॅक खराब करतं. पाणी ओढून घेतं. आणि त्याच्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे मिक्श्चर पातळ म्हणजे लीन होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. यातली पहिली दोन कामं गाडी उभी असतानाच जास्त होतात, हे डोक्यात ठेवा, खालचा सगळा क्रम त्यावरच आहे.

## ०. कामाला बसण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह काढा. काम उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली नाही, शेजारी देवघरातली समई किंवा गॅसचा पायलट नको. वाळूची बादली किंवा पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. पेट्रोल काढायला पत्र्याचा झाकणवाला कॅन घ्या, पाण्याची प्लास्टिकची बाटली नको. कार्ब खोलायच्या आधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा, कुठली नळी कुठे होती हे नंतर कोणालाच आठवत नाही.

सामान एकदाच आणा: पेट्रोलचा चांगला पाइप, पाइपच्या क्लिपा, दोन-तीन इनलाइन फिल्टर, कार्बचं पूर्ण किट, कॉकचं (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) किट, नवा प्लग. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ओ-रिंग आणि पाइपसाठी नागदेवी, बाकी गावात ओळखीचा स्पेअरवाला असतोच.

## १. टाकीत नक्की काय आहे ते मोजा

शंभर मिलीचं काचेचं मेजरिंग सिलिंडर लागेल, शाळा-कॉलेजला लॅबचं सामान देणाऱ्या दुकानात मिळतं. त्यात आधी १० मिली पाणी, मग बरोबर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, मध्ये एकदा बूच हळूच उघडून वाफ सोडा, आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पेट्रोलमधलं इथेनॉल खाली पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. समजा रेघ २८ वर आली तर २८ वजा १० म्हणजे १८, आणि आपण पेट्रोल टाकलं होतं ९०, म्हणजे वीस टक्के. लॅबइतकं अचूक नाही पण आपल्या कामाला भरपूर झालं.

ही टेस्ट विशेषतः त्यांनी करावी जे महागडं प्रीमियम भरून निश्चिंत असतात. ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोका न येता जळायची पेट्रोलची ताकद, वेगळं आणि इथेनॉल वेगळं. ९५ चं प्रीमियम घेतलं म्हणून इथेनॉल कमी होत नाही, आणि १०० ऑक्टेनवाल्याबद्दलही कोणी काहीही सांगो, सिलिंडर काय दाखवतो ते बघा. खरंच शून्य निघालं तर महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला ते परवडतं, रोजच्या स्कूटरला नाही.

सावधान: टेस्ट केलेलं पेट्रोल परत टाकीत नाही. आणि हाच प्रयोग मोठ्या कॅनमध्ये करून "इथेनॉल धुवून काढलेलं" पेट्रोल गाडीत घालणारे महाभाग आहेत, ते करू नका. वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरलेलं असतं, कारण ते वाढवायचं काम इथेनॉलच करत होतं, शिवाय पाण्याचा अंश राहतो आणि खालचं पाणीमिश्रित इथेनॉल फेकायचं कुठे हा प्रश्न वेगळाच.

## २. रबर आणि कॉर्क, इथे कंजूषी नको

टाकीपासून सुरू करा आणि पेट्रोलच्या वाटेने इंजिनापर्यंत या, म्हणजे काही सुटत नाही.

टाकीच्या झाकणाचं पॅकिंग. कडक झालं असेल तर बदला, पावसाचं पाणी इथूनच आत जातं. झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे ना तेही बघा, नाहीतर पाच किलोमीटर गेल्यावर गाडी बंद पडेल आणि तुम्ही इथेनॉलच्या नावाने बोटं मोडत बसाल.

कॉक. जुन्या बुलेटच्या दांडी ओढायच्या कॉकमध्ये कॉर्क असतो. असा कॉक काही महिने सुकला की कॉर्क आक्रसतो, आणि मग बंद स्थितीतही थेंब थेंब गळत राहतो, गाडीखाली डाग दिसेपर्यंत कळत नाही. कॉर्क बदलून परत कॉर्क टाकू नका, ओ-रिंगवालं किट मिळालं तर ते टाका, नाहीतर पूर्ण कॉकच नवीन लिव्हरवाला बसवा. जुनेपणाची हौस बाकी ठिकाणी करा.

पाइप. पारदर्शक पिवळा-हिरवा पाइप, जो मीटरवर मिळतो, तो काही महिन्यांत काठीसारखा कडक होतो आणि टोकाला चिरतो. पाइपवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घ्या, त्याला आतून इथेनॉल सोसणारं अस्तर असतं. महाग आहे, पण एका स्कूटरला लागतो तरी किती.

कार्बच्या आतलं: फ्लोटची (वाटीतली पेट्रोलची पातळी धरणारा तरंगता भाग) नीडल जर रबरी टोकाची असेल तर ते टोक फुगतं किंवा त्याला खाच पडते, आणि मग ओव्हरफ्लो. व्हायटन (इथेनॉल सोसणारं खास रबर) टोकाची नीडल घ्या. सगळ्या ओ-रिंग व्हायटनच्या. फार जुन्या गाड्यांत फ्लोट कॉर्कचा असतो आणि वर शेलॅकचा थर, आता शेलॅक मुळात विरघळवतातच स्पिरिटमध्ये, म्हणजे ई२० मध्ये त्याचं काय होणार ते सांगायला नको. असा फ्लोट पितळेचा किंवा आजच्या प्लास्टिकचा करून घ्या.

पद्मिनी, अँबॅसिडर, ८०० वाल्यांनी मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्राम विसरू नये. तो फाटला की पेट्रोल सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येतोय आणि लेव्हल आपोआप वाढलीय, तर गाडी चालवूच नका, आधी डायफ्राम, मग ऑइल बदली.

व्हायटन सांगून साधं नायट्राइल रबर गळ्यात मारणारे आहेत. ओळखायचं कसं? एक ओ-रिंग जास्तीची घ्या, तिचा व्यास मोजून ठेवा, झाकणाच्या काचेच्या बरणीत ई२० मध्ये दोन-तीन दिवस बुडवा आणि परत मोजा. फुगली असेल तर सगळं पाकीट परत. व्हायटन हातात जरा जड पण लागतं.

सावधान: काही मिस्त्री ओ-रिंग लायटरने जाळून "बघा पेटत नाही" असं दाखवतात. व्हायटन जळल्यावर निघणारा धूर फार विषारी असतो, हायड्रोफ्लोरिक ऍसिड असतं त्यात. स्वतः करू नका आणि समोर कोणी करत असेल तर लांब व्हा.

## ३. टाकी आणि फिल्टर

वीस-तीस वर्षं टाकीच्या भिंतीला चिकटलेला तेलकट थर आणि गंज इथेनॉल सोडवून खाली आणतं, कारण ते उत्तम सॉल्व्हंट आहे. त्यामुळे ई२० सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर चोक होणारच, ते बिघाडाचं लक्षण नाही, फिल्टर बदलत राहा. मात्र फिल्टर आधी लावा आणि मग पेट्रोल भरा. उलटं केलंत तर सगळा गाळ जेटमध्ये.

गंज जास्त असेल तर टाकी उतरवा, कॉक काढून भोक बंद करा, आणि गरम पाण्यात सायट्रिक ऍसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्वच ते, लिटरला पन्नास ते शंभर ग्रॅम घालून रात्रभर ठेवा. संडास साफ करायचं ऍसिड घालू नका, ते चांगला पत्राही खातं. हलवायला आत नटबोल्ट टाकणार असाल तर मोजून टाका आणि मोजून काढा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, आणि लगेच, म्हणजे चहा प्यायला न जाता, उन्हात आणि ब्लोअरने खडखडीत सुकवा. ओली टाकी तासाभरात परत लाल होते.

टाकीत आधी कोणी एपॉक्सीचा लेप मारला असेल तर टॉर्च मारून बघा. जुने लेप इथेनॉलने मऊ पडून पापुद्रे सुटतात. सुटायला लागलेल्या लेपावर दुसरा लेप म्हणजे पैसे पाण्यात, आधी जुना पूर्ण काढावा लागतो.

तपासा: टाकी बसवून लिटरभर पेट्रोल घाला, कॉक उघडून काचेच्या बाटलीत थोडं काढा. स्वच्छ आणि एकसंध दिसायला हवं. गढूळ दिसलं किंवा खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे, पुढे जाऊ नका.

## ४. आता कार्ब

आता थोडा हिशोब. निव्वळ पेट्रोलला एका भागामागे वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास, म्हणजे ई२० ला साडेतेराच्या जवळपास. कार्बला यातलं काही कळत नाही, तो आपला जुन्या हिशोबानेच पेट्रोल सोडतो. परिणामी मिक्श्चर सात-आठ टक्के लीन. लक्षणं ओळखीची: थंडीत चोक सोडवत नाही, थ्रॉटल सोडताना फटाके, चढाला ओढत नाही, इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं.

जेटला हात लावायच्या आधी खालचं करा, आणि याच क्रमाने.

१. हवेची गळती. कार्ब आणि इंजिनच्या मधला रबरी मॅनिफोल्ड, पॅकिंग, टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची ऑइल सील. यातून हवा शिरत असेल तर तुम्ही कितीही मोठा जेट टाका, गाडी लीनच. आयडलला फ्लँजभोवती कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारून इंजिनचा आवाज बदलतो का बघतात, पण सायलेन्सर गार असताना आणि अगदी थोडा.

२. कार्बची साफसफाई. जस्तमिश्रित धातूच्या जुन्या कार्बच्या वाटीत पांढरी भुकटी जमलेली दिसेल, खडूच्या चुऱ्यासारखी, तो गंजच आहे. ती पायलट जेटच्या (आयडलला पेट्रोल देणारा छोटा जेट) बारीक भोकात जाऊन बसते. कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर, बस. स्टीलची तार जेटमध्ये घालायची नाही, भोक मोठं झालं की तो जेट गेला.

३. एअर फिल्टर, टायमिंग, प्लगचा गॅप. ठीक नसेल तर आधी ते.

४. आयडलचा मिक्श्चर स्क्रू. इथे हमखास गोंधळ होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बहुतेक तो हवेचा असतो, आत पिळला की रिच, म्हणजे लीनच्या उलट, पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. चेतकच्या कार्बचा मागचा स्क्रू बाहेर काढला की रिच होतो. मॅन्युअल बघा, अंदाजपंचे नको. पाव-पाव फेरा फिरवत जा.

५. स्लाइडची नीडल, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई. क्लिप एक खाच खाली म्हणजे नीडल वर, म्हणजे मधल्या थ्रॉटलला थोडं रिच. बऱ्याच बाइकचं काम इथेच भागतं.

६. सगळ्यात शेवटी मेन जेट. सात-आठ टक्के जास्त पेट्रोल म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ तेवढं वाढायला हवं, व्यास त्याच्या निम्म्यानेच वाढतो. जेटवरचा आकडा व्यासाचा असेल तर १०० चा १०४-१०५ झाला. काही कंपन्यांचे आकडे व्यासाचे नसून प्रवाहाचे असतात, म्हणून सरळ त्याच कंपनीचा पुढचा साइज घ्या, एका वेळी एकच. १०० चा थेट ११५ टाकून "आता कशी पळते बघ" म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ बघू नका, महिनाभराने सायलेन्सरमधला कार्बन त्यांना कोण दाखवणार.

तपासा: मोकळ्या रस्त्यावर पाऊण थ्रॉटलला थोडं चालवून क्लच दाबा, त्याच क्षणी इंजिन बंद करा, प्लग काढा. फिकट बिस्किटी ठीक, पांढराफटक म्हणजे लीन, काळा कुट्ट म्हणजे रिच. ई२० वर रंग मुळातच जरा फिका येतो, त्यामुळे फक्त रंगावर जाऊ नका, गाडी कशी ओढते आणि किती तापते तेही धरा.

मायलेज थोडं कमी होणार, त्याला इलाज नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलच्या दोन तृतीयांश. नीती आयोगाच्याच अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६-७ टक्के आणि दुचाकींना ३-४ टक्के घट धरलीय. त्यापेक्षा फारच जास्त पडली तर इथेनॉल सोडा, ब्रेक चिकटतोय का ते बघा.

पद्मिनी-अँबॅसिडरवाल्यांसाठी एक जादा: एप्रिल-मेमध्ये घाटात पेट्रोलची लाइन तापून वाफ धरते आणि गाडी बंद पडते, पंपावर ओलं फडकं टाकायचा जुना उपाय अजूनही चालतो, पण घरीच लाइन सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब घ्या आणि मध्ये पत्रा लावा.

## ५. टू-स्ट्रोकवाल्यांनी हे दोनदा वाचा

पेट्रोलमध्ये पाणी एका मर्यादेपेक्षा जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि पेट्रोल वर राहतं. ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर जातं, खालच्या थरात ते मिसळतच नाही. आता कॉक पेट्रोल कुठून घेतो? तळातून, आणि रिझर्व्हवर तर अगदी तळातून. म्हणजे इंजिनला जे मिळतं त्यात ऑइल नाही. पिस्टन पकडला की लोकं ऑइलच्या ब्रँडला शिव्या देतात.

म्हणून प्रमाण बरोबर ठेवा, जेएएसओ (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) एफसी किंवा एफडी ग्रेडचं ऑइल घ्या, आणि मिश्रण लागेल तेवढंच ताजं करा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, परत हलवा. महिन्यापेक्षा जुनं मिश्रण वापरू नका, कितीही जीवावर आलं तरी.

सावधान: "लीन होतंय ना, मग ऑइल वाढवतो" हे उलटं आहे. ऑइल वाढलं की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, म्हणजे अजून लीन.

## ६. ग्रास कटर, पंप, जनरेटर

मॅन्युअल काढा. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नवीन मशीन घेताना कृषी सेवा केंद्रवाल्याला हे विचाराच, आणि बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर ई२० चालतं असं लिहून घ्या, तोंडी "चालतंय हो" ला अर्थ नाही.

ग्रास कटर आणि चेनसॉच्या कार्बमध्ये फ्लोट नसतो, पातळ डायफ्राम असतो, तो कडक झाला की मशीन फक्त चोकवर चालतं. किट स्वस्त आहे, दर सिझनच्या सुरुवातीला बदलून टाका. टाकीच्या आत लोंबणारी नळी, जिच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो, ती मऊ पडून तुटते आणि दिसत नाही, वाकड्या तारेने बाहेर ओढून बघा. प्रायमरचा फुगा पिवळा पडून चिरला असेल तर तोही. एच लिहिलेला स्क्रू असेल तर अगदी थोडा, फेऱ्याचा आठवा भाग, बाहेर. त्याहून जास्त गरज लागली तर आत दुसरीकडे काहीतरी गडबड आहे.

जनरेटर किंवा पंप एकसारखा वर-खाली, वर-खाली करत असेल तर बहुतेक वेळा पायलट जेट चोक आहे, गव्हर्नरची (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) स्प्रिंग ओढत बसू नका.

## ७. उभं करून ठेवताना

महिनाभर उभी राहणार असेल तर पत्र्याची टाकी जवळजवळ पूर्ण भरा, वर थोडी जागा सोडा, म्हणजे आत दमट हवा कमी. कॉक बंद करा आणि कार्बची वाटी रिकामी करा. चार महिने, म्हणजे कोकणातला अख्खा पावसाळा, तर उलट: टाकी पूर्ण रिकामी. क्रम असा: आधी टाकी, मग इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत, शेवटी चोक ओढून उरलंसुरलं, मग वाटीचा ड्रेन स्क्रू. पत्र्याच्या टाकीत आतून टू-स्ट्रोक ऑइल फिरवून घ्या, नाहीतर रिकामी टाकी गंजते. प्लास्टिकच्या टाकीला ते नको. अर्धी टाकी भरून ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि बहुतेक लोकं तेच करतात.

स्टॅबिलायझरची बाटली पेट्रोल शिळं होणं लांबवते, पाणी काढत नाही. आणि पाणी काढायला म्हणून वरून अजून स्पिरिट ओतू नका, वीस टक्के आधीच आहे त्यात.

## ८. परत काढताना

कॉक उघडून पहिलं पेट्रोल कार्बला नाही, काचेच्या बाटलीत. पाच मिनिटं ठेवा. थर दिसला तर टाकीतलं सगळं बाहेर, हलवून परत मिसळायचा प्रयत्न नको. थर नाही पण वास वार्निशसारखा आंबूस, तरीही बाहेर. चांगलं असेल तर फिल्टर बदला, वाटी भरू द्या, ओव्हरफ्लो होतोय का बघा, मगच किक.

काढलेलं जुनं पण थर न पडलेलं, ऑइल न घातलेलं पेट्रोल घरच्या नव्या कारच्या भरलेल्या टाकीत थोडं थोडं संपवता येतं. थर पडलेलं मात्र ओळखीच्या गॅरेजला पार्ट धुवायला द्या, गटारात ओतू नका.